मुलांसाठी क्रमशः कादंबरी छापा, पण शुक्रवारी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बालपुरवणीत कोडी असतात, रंगवायची चित्रे असतात, जयंती-पुण्यतिथीचे लेख असतात. लांब पल्ल्याची गोष्ट मात्र नसते. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी साहसाची, इतिहासातली एक कादंबरी दर आठवड्याला एक भाग अशी छापावी, ही आमची मागणी आहे. नुसती मागणी केली तर ती ‘विचाराधीन’ राहील. म्हणून अशी मालिका गावखेड्यात कशाने टिकते आणि कशाने मरते, हेही लिहितो.

आधी वार. रविवार शहराला सोयीचा. खेड्यात रविवारी शाळा बंद, आणि लहान वाचनालयाला कुलूप किंवा तासभर उघडे दार. शाळेच्या नावाचा रविवारचा अंक एजंटाकडे पडून राहतो, सोमवारच्या अंकासोबत येतो, आणि तोवर त्यातल्या पुरवणीत कोणीतरी भजी बांधून नेलेली असतात. शनिवारी शाळा सकाळची असते. पहिल्या एसटीने निघालेला गठ्ठा आतल्या गावात उतरेपर्यंत ती सुटलेली असते. म्हणून भाग शुक्रवारी छापा. दुपारपर्यंत अंक शाळेत येतो, गुरुजी किंवा मॅडम संध्याकाळी एकदा वाचून ठेवतात आणि शनिवारी सकाळी वर्गात मोठ्याने वाचतात. ‘आनंददायी शनिवार’ला काय घ्यावे, हा प्रश्न पुष्कळ शाळांना पडतो. त्याचीही सोय होईल.

दुसरे असे की भाग मुख्य अंकात हवा, सुट्या पुरवणीत नको. पुरवणीचे गठ्ठे वेगळे येतात, आणि ती अंकात घालायचे काम पहाटे विक्रेत्याकडची पोरे घाईत करतात. कमी पडल्या तर कोणाच्या अंकात घालायच्या नाहीत, हे ठरलेलेच असते: शेवटच्या थांब्यावरचे गाव. एरवी पुरवणी गेली तर कोणी ओरडत नाही. पण मालिकेचा सातवा भाग आला नाही तर आठवा समजत नाही आणि नववा कोणी मागत नाही. मग ‘आजकालची मुले वाचत नाहीत’ असे म्हणायला सगळे मोकळे. मुले वाचत होती, भाग पोचला नव्हता.

भागाची लांबी साडेआठशे ते नऊशे शब्द. मोठ्याने वाचायला आठ-नऊ मिनिटे लागतात. नंतर बोलायला वेळ उरतो, आणि सहावीतला सावकाश वाचणारा मुलगाही एका बैठकीत तो संपवतो. अक्षर बारा पॉइंटपेक्षा लहान नको. बातमीच्या बारीक अक्षरात छापलेली गोष्ट मुले चित्र पाहून सोडून देतात. ‘मागील भागात’ पन्नास शब्दांच्या वर जाऊ देऊ नये. काही मालिकांत हा सारांशच पाव भाग खातो आणि नियमित वाचणारे पोर कंटाळते. त्याऐवजी कोपऱ्यात ‘कोण कोण’ अशी चार-पाच नावांची चौकट कायम ठेवावी. मधून आलेल्या मुलाचे तेवढ्यावर भागते.

शेवटी अडकवून ठेवावे, हे सगळ्यांना ठाऊक असते. बिघडते ते पुढच्या भागात. दार उघडले आणि समोर... क्रमशः, आणि आठवड्याने कळते की समोर मांजर होते. असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा पोट्टे हसतात आणि पान उलटतात. मागच्या भागाची गाठ नव्या भागाच्या पहिल्या दीडशे शब्दांत खरोखर सुटली पाहिजे, आणि तिच्यातूनच पुढची पडली पाहिजे. एका भागात एकच जागा, फार तर दोन. नवी नावे तीनहून जास्त नकोत, आणि रामजी, रावजी, राघोजी असे त्रिकूट तर नकोच. कानाने ऐकणाऱ्या मुलाला ते तिघे एकच वाटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे. पहिला भाग छापण्याआधी शेवटचा भाग लिहून झालेला असावा. इथे तडजोड नको. मराठीत क्रमशः कादंबरी रुजवली ती हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ने. १८९० पासून ते साप्ताहिक चालवताना हरिभाऊंनी आठवड्याच्या आठवड्याला मजकूर दिला, पण ते हरिभाऊ होते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ १ ऑक्टोबर १८८१ ते २८ जानेवारी १८८२ या काळात ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात आली. त्याने रोज एक याप्रमाणे पंधरा प्रकरणे लिहिली आणि सोळाव्याच्या सुरुवातीलाच गाडी रुतली. छपाईची मुद्रिते हातात यायला लागली होती आणि पुढे काय ते लेखकालाच माहीत नव्हते. दावोसला गेल्यावर हात पुन्हा चालू लागला म्हणून निभावले. आपल्याकडे सहाव्या-सातव्या भागानंतर न सांगता बंद पडणाऱ्या मालिका याच रोगाने जातात. लेखक आजारी पडतो, घरी लग्न निघते, किंवा गोष्टच संपलेली असते आणि ती ताणली जाते. सोळा भाग म्हणजे चौदा हजारांच्या आसपास शब्द. एवढे आधी लिहून घेणे कोणाही होतकरू लेखकाला जड नाही, फक्त मानधन भागागणिक न देता काही रक्कम आधी द्यावी लागेल.

स्टीव्हन्सनकडून आणखी एक गोष्ट घ्यावी: त्याने आधी नकाशा काढला आणि मग गोष्ट. ऐतिहासिक साहसकथेला हे फार उपयोगी पडते. कोण कुठे आहे, किती कोसांवर आहे आणि त्या रात्री चंद्र होता की नाही, या तीन गोष्टी कागदावर मांडल्या की निम्म्या चुका जागच्या जागी कळतात.

उदाहरण आमच्याच भागातले घेतो. सन १८०३. तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबरला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज आणि नागपूरकर भोसल्यांची फौज यांची लढाई झाली. लगेच १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावचा तह आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा. एका महिन्यात वऱ्हाडचे नशीब फिरले, आणि सगळे घडले ते आमच्या मुलांच्या मामाच्या गावांत. पंचांग मागे मोजले तर अडगावची रात्र पौर्णिमेची निघते. लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली आणि पळणाऱ्यांचा पाठलाग चांदण्यात चालला, ही नोंद त्याच्याशी जुळते. उलट गाविलगडासमोर मोर्चे बांधले गेले आणि तोफा चालल्या ते दिवस अमावास्येच्या आसपासचे. म्हणजे ‘हल्ल्याच्या आदल्या रात्री चांदण्यात न्हालेला गड’ असे वाक्य कोणी लिहिले तर संपादकांनी ते खोडावे.

खोडून नुकसान होत नाही, उलट गोष्टीला नवे काहीतरी मिळते. त्या काळी गावाकडच्या शिपायाकडे तोड्याची बंदूक असे. नळीत दारू, वर गोळी, गजाने ठासणे, कानाशी (नळीच्या बाजूच्या भोकाशी) रंजक, म्हणजे पेट घ्यायची दारू, घालणे आणि पेटता तोडा, म्हणजे वातीसारखी दोरी, फुंकून निखारा जागता ठेवणे. चाप ओढला की तोडा रंजकावर टेकतो आणि बार उडतो. एवढे सगळे व्हायला बराच वेळ जातो, म्हणून ‘धाड धाड धाड’ हा आवाज एका बंदुकीतून निघू शकत नाही. पण अमावास्येच्या रात्री प्रत्येक तोड्याचे टोक अंधारात लाल ठिपक्यासारखे दिसते. झाडावर बसलेली तेरा वर्षांची पोर ते ठिपके मोजून खालच्या वाटेवर किती माणसे दबा धरून आहेत ते सांगू शकते. हा प्रसंग कल्पनेतला असला तरी बंदुकीच्या बनावटीतून आपोआप निघतो. माहिती गोष्टीत मुरवायची म्हणजे अशी. ‘तोड्याची बंदूक म्हणजे काय’ हा परिच्छेद वेगळा लिहिला की मुले तेवढाच गाळून वाचतात.

ती पोर कोण असावी? आमच्या मते लमाणांच्या तांड्यातली. फौजांना धान्य पुरवणारे तांडे दोन्हीकडे ये-जा करत, त्यामुळे मुलाला सगळे बघता येते आणि ते खोटे वाटत नाही. पण तांड्याचा वेग लक्षात ठेवावा. लादलेले बैल दिवसाला तीन-चार कोस जातात आणि कोस म्हणजे साधारण तीन किलोमीटर. अडगावहून अचलपूर सत्तर-ऐंशी किलोमीटर पडते, म्हणजे तांड्याला आठवडा हवा. एका रात्रीत बैल पोचवले की गावातला कोणताही म्हातारा ती गोष्ट खाली ठेवील. गाविलगडाच्या उत्तरेला, लाबाडा गावाच्या बाजूने इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या (लेखक स्टीव्हन्सन निराळा) तुकडीने तोफा नेल्या. ७ ते १२ डिसेंबर, सुमारे तीस मैल, तेही डोंगरातून स्वतः रस्ता करत आणि बऱ्याच ठिकाणी माणसांनी ओढत. यावर दोन भाग सहज होतात. दक्षिणेकडून वेलस्लीची तुकडी गडावरच्यांचे लक्ष वेधत होती, पण त्या बाजूच्या तोफांचा फारसा उपयोग झाला नाही. शेवटी बाहेरच्या कोटाला भगदाड पडले, आतल्या भिंतीला शिडी लागली, दार आतून उघडले गेले आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला.

यात मुलाने काय करावे? किल्ला वाचवू नये. गड पडला हे वाचणाऱ्याला माहीत आहे किंवा आठवड्याभरात सहलीला गेल्यावर कळणार आहे. तोफ डागून पंधरा गोरे लोळवणारा बाळवीर आला की इतिहासही जातो आणि गोष्टही. मूल निरोप नेऊ शकते, मोजू शकते, लपू शकते, वाट दाखवू शकते आणि चुकीच्या माणसावर विश्वास ठेवू शकते. गड पडणार हे ठरलेलेच आहे. प्रश्न एवढाच उरतो की आत अडकलेला भाऊ बाहेर येतो की नाही. खरी उत्सुकता त्यातच असते.

काळाच्या चुकांवर लेखकापेक्षा संपादन करणाऱ्यानेच डोळा ठेवावा, कारण लिहिणाऱ्याला समोरचे शिवार दिसत असते. १८०३ च्या धुऱ्यावर कापूस, ज्वारी, तूर, जवस, अंबाडी चालेल. सोयाबीन नाही, ते परवाचे पीक. मेळघाटच्या वाटेवर रायमुनियाच्या जाळीत कोणी लपू नये, ती परदेशी झुडपे भारतात आली तीच त्यानंतर. गाजरगवत तर १९५० च्या दशकातले. काडेपेटी नाही, चकमक, गारगोटी आणि कापूस. रॉकेलचा कंदील नाही, पलिते आणि तेलाचे दिवे. चहा नाही. मिरचीचा ठेचा १८०३ मध्ये बिनधास्त खावा, पण नगरधनच्या वाकाटकांच्या काळातली गोष्ट असेल तर तिथे मिरे वाटावे लागतील, कारण मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. अशी यादी एकदा करून संपादकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली तर दर मालिकेला उपयोगी पडेल.

बोलीबद्दल दोन टोकाच्या चुका होतात. एक तर वऱ्हाडातला बैलवाला पुण्याच्या सदाशिव पेठेतल्यासारखा बोलतो. नाही तर उच्चार जसाच्या तसा लिहायच्या हौसेने वाक्य असे होते: ‘तुह्या डोयात काय गेलं बे, मांगच्या येळेस बी असाच रडून रायला होता.’ ऐकायला गोड, पण सहावीतल्या मुलाला अक्षर जुळवत वाचायला अवघड, आणि विदर्भातलेच गोंदियाकडचे मूल तर पार अडखळते. आमचा उपाय: वाक्याची घडण बोलीची ठेवा, शुद्धलेखन नेहमीचे ठेवा. ‘तुझ्या डोळ्यात काय गेलं बे? मागच्या वेळेसही असाच रडून राहिला होता.’ ‘मले-तुले’, ‘करून राहिला’, ‘बे’, ‘गा’ एवढ्यावर चव येते. निवेदन प्रमाण भाषेत. गोरमाटी (लमाणांची बोली), कोरकू किंवा गोंडी शब्द वापरायचे तर मोजके, आणि ती भाषा घरी बोलणाऱ्याकडून तपासून घेतलेले. अंदाजाने लिहिलेला शब्द त्या घरच्या मुलाला टोचतो.

खऱ्या व्यक्तींचे पथ्य निराळे. शिवछत्रपतींनी १६७० मध्ये कारंजा शहर लुटले. त्यावर उत्तम साहसकथा होईल, पण महाराजांच्या तोंडी पानभर कल्पित संवाद घालू नयेत. ते दुरून दिसावेत. गोष्ट बाजारपेठेतल्या किंवा हेरांच्या मुलाची असावी. दर भागाखाली ‘खरे काय, कल्पित काय’ अशी चाळीस शब्दांची टीप द्यावी. शिक्षकांना ती फार लागते, नाही तर तांड्यातल्या मुलीचे नाव इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत येते.

विषयांचा आमच्याकडे तोटा नाही. नागपूरचे आप्पासाहेब भोसले १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या पहाऱ्यातून शिपायाच्या वेशात निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले; तो सगळा प्रवासच मालिकेसारखा आहे. १७२४ ची साखरखेर्ड्याची लढाई बुलढाण्याबाहेर कोणाला आठवत नाही. चांद्याच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फाशी गेलेले बाबूराव शेडमाके. १८६७ मध्ये नागपूरला पोचलेली रेल्वे आणि तिच्यामुळे बदललेला कापसाचा बाजार. १६ ऑगस्ट १९४२ चा चिमूरचा उठाव घ्यायचा तर जपून, कारण त्या घरांतली माणसे आजही आहेत आणि त्यांना विचारल्याशिवाय कोणाला भित्रा किंवा फितूर रंगवता येणार नाही. नमुने बघायचे तर १९७१ पासूनच्या ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत.

राहिली मांडणी. भाग अर्ध्या पानावर, आडवा आणि दर आठवड्याला त्याच पानावर, त्याच मापात असावा. चित्र एकच, पण रेषांचे. करड्या छटांचे चित्र वर्तमानपत्राच्या कागदावर चिखल होते. पहिल्या आणि आठव्या भागात चित्राऐवजी नकाशा. मजकुराच्या मधोमध दीड सेंटिमीटरची उभी पट्टी कोरी सोडा, आणि डाव्या-उजव्या कडांना दोन-दोन सेंटिमीटर. म्हणजे कापलेला भाग मधून मागे दुमडता येतो: गोष्ट बाहेर, पाठीमागच्या बातम्या आत. दुमड उजवीकडे आणि सुट्या कडा डावीकडे ठेवून सोळा भाग एकावर एक रचायचे, सुट्या कडांपासून एक सेंटिमीटरवर दाभणाने चार भोके पाडून दोऱ्याने शिवायचे, वर जुन्या वहीचा पुठ्ठा. बत्तीस पानांचे पुस्तक तयार. भाग पाठपोट छापला किंवा कोपऱ्यात जाहिरात घुसवून त्याचा आकार वेडावाकडा केला की हे काही जमत नाही. पुठ्ठा चिकटवायला मैद्याची खळ पुरते. वाळवी-कसर लागू नये म्हणून बाइंडर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. तो विषारी आहे, तेव्हा ते काम मोठ्यांनी करावे. ‘ड’ वर्गातल्या, म्हणजे सर्वांत लहान, वाचनालयांना अनुदान कधी मिळते ते आपल्या बातम्यांतूनच कळते, त्यामुळे अंकातून तयार होणारे पुस्तक त्यांच्यासाठी लहान गोष्ट नाही.

एवढे करूनही कोणाचा तरी भाग चुकणारच. त्यासाठी तो त्याच संध्याकाळी आपल्या संकेतस्थळावर साध्या मजकुराच्या रूपात ठेवावा. ई-पेपरचे पान स्वस्त मोबाइलवर वाचता येत नाही, आणि साधा मजकूर शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात लगेच फिरतो.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैच्या पहिल्या शुक्रवारी सुरू केले तर सोळावा भाग ऑक्टोबरच्या मध्याला येतो, बहुतेक वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी. त्यानंतर सुरू करू नये, कापसाची वेचणी लागली की वरच्या वर्गांची हजेरी घसरते. १५ ऑगस्टच्या सुट्टीमुळे १६ तारखेला अंक निघत नाही. तो दिवस शुक्रवार असेल त्या वर्षी भाग गुरुवारी, १५ तारखेच्या अंकात घ्यावा आणि तसे आदल्या आठवड्याच्या भागाखाली ठळक छापावे.

आपले,
अंजनगाव-अचलपूर भागातील काही ग्रामीण ग्रंथपाल आणि शिक्षक
(जि. अमरावती)